सोसायटीच्या प्रश्नमंजूषेसाठी प्रश्न हवेत, पण उत्तरं ठोकून-पारखून घेतलेली

नोंदवही (नौपाडा, ठाणे)

गणपतीत सोसायटीच्या प्रश्नमंजूषेचं काम आहे. चार गट, वय बारा ते पंच्याहत्तर. विषय मोकळा: इतिहास, सणवार, स्वयंपाकघर, बाजार, काहीही चालेल. फॉरवर्डमधून फिरणारे प्रश्न मात्र नकोत. तिथे उत्तर एका शब्दात उरकलेलं असतं आणि अट गाळलेली असते. मग ‘एक शेर म्हणजे किती?’ विचारलं की तीन गट तीन उत्तरं देतात, तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि परीक्षक मधल्यामध्ये.

म्हणून नियम एकच: प्रश्नातच अट हवी. माझे तीन प्रश्न उत्तरांसकट टाकतो, चिरफाड करा.

१. भारतातली पहिली रेल्वे कुठून कुठे धावली? – व्हीटी ते ठाणे.
२. एक गुंठा म्हणजे किती चौरस फूट? – १०००.
३. भांड्यांना कल्हई कशाची करतात? – जस्ताची.

शेवटची_लोकल

तिन्ही चूक! सुरुवात तर झकास झाली.

पहिल्यात दोन चुका आहेत. एक, व्हीटी तेव्हा नव्हतंच. त्या इमारतीचं काम १८७८ साली सुरू झालं. गाडी सुटली बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. अंतर ३४ किलोमीटर.

दुसरी चूक ‘पहिली रेल्वे’ या शब्दांत आहे. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहायला रूळ टाकले होते. रुडकीला गंगा कालव्याच्या सोलानी जलसेतूचं बांधकाम चालू असताना डिसेंबर १८५१ मध्ये माती ओढायला वाफेचं इंजिन आणलं होतं. त्यामुळे ‘पहिली सार्वजनिक प्रवासी रेल्वे’ असं विचारा. एवढे दोन शब्द घातले की कुणी उठून हरकत घेणार नाही.

पुरवणी प्रश्न हवा असेल तर हा घ्या: ठाण्याच्या पुढे गाडी केव्हा गेली? १ मे १८५४ला, कल्याणपर्यंत. मध्ये खाडी आडवी येते, आधी तिच्यावर पूल बांधावा लागला.

घोडबंदर_घाट

त्यालाच जोडून. ‘ठाणे शहर बेटावर आहे की मुख्य भूमीवर?’ निम्मे ठाणेकर इथे अडतात. स्टेशन, नौपाडा, तलावपाळी हे सगळं साष्टी बेटावर. खाडीपूल ओलांडून कळव्यात उतरलं की मुख्य भूमी. साष्टी हे नाव ‘षट्षष्टि’वरून आलं, म्हणजे सहासष्ट गावं.

सातबारा (बेलापूर)

गुंठ्याचं जरा नीट लिहितो. नवी मुंबईत हा प्रश्न विचारणार असाल तर घरटी एक तज्ज्ञ सापडेल.

१ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. हा ३३ आला कुठून? इंग्रजी मोजणीची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाची, १६२० सालची. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. अर्धी साखळी लांब आणि अर्धी साखळी रुंद असा तुकडा म्हणजे पाव चौरस साखळी, तोच गुंठा. दहाला पावाने भागा, चाळीस येतात. कोष्टक पाठ करायची गरज उरत नाही.

आता खरी गफलत. सातबाऱ्यावर गुंठा लिहिलेला नसतो. तिथे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. आर म्हणजे १० मीटर × १० मीटर, १०० चौरस मीटर, १०७६.३९ चौरस फूट. गुंठा १०१.१७ चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक गुंठ्यामागे सव्वा चौरस मीटरला जरा कमी इतका फरक. बोलताना लोक दोन्ही एकच धरतात. एकदोन गुंठ्यांत ते खपतं, एकरावर गेलं की टोचतं: एक एकर म्हणजे ४० आर नव्हे, ४०.४७ आर.

उदाहरण घ्या. उताऱ्यावर ०.३२.५० लिहिलंय. हे दशांश अपूर्णांकासारखं वाचायचं नाही. ० हेक्टर, ३२ आर, ५० चौरस मीटर, एकूण ३२५० चौरस मीटर. भागिले १०१.१७ केलं की ३२.१२ गुंठे. बरेच जण साडेबत्तीस गुंठे म्हणून मोकळे होतात. हे ३८ चौरस मीटर म्हणजे वाशीतल्या भावाने केवढ्याला पडतील, ज्याचा त्याने हिशेब करावा.

हेक्टर विचारलंत तर: २ एकर १८.८४ गुंठे.

तयार प्रश्न देतो: ‘सातबारा या नावात सात काय आणि बारा काय?’ गाव नमुना सात हा हक्कांचा, म्हणजे जमीन कुणाच्या नावे, क्षेत्र किती, बोजा काय. गाव नमुना बारा पिकांचा. एकाच कागदावर दोन्ही येतात म्हणून सातबारा.

मोजपट्टी

सातबारांना अनुमोदन. सिडकोची साडेबारा टक्के योजनाही (नवी मुंबईसाठी ज्यांची जमीन घेतली त्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची) प्रश्नात घेता येईल. जमीन एक एकर गेली तर साडेबारा टक्के म्हणजे किती गुंठे? चाळीसचा आठवा हिस्सा, पाच गुंठे. तोंडी येतं. (हातात प्रत्यक्ष येताना सार्वजनिक सोयींची वजावट होते, तो वाद मंडपात काढू नका. रात्र पुरणार नाही.)

आणखी एक माप इथल्या रस्त्यावर रोज ऐकू येतं आणि शाळेच्या पुस्तकात सापडत नाही: ब्रास. रेती, खडी, मुरूम मोजताना १ ब्रास = १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हाच शब्द गिलाव्याला आणि रंगकामाला लागला की अर्थ १०० चौरस फूट. म्हणून प्रश्नात ‘रेतीचा एक ब्रास’ असंच हवं.

ओली रेती घेताना फसगत कशी होते तेही सांगतो. बारीक रेती थोडी ओलसर असली की फुगते. कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांपासून लांब राहतात. मापात ब्रास भरतो, मालात कमी पडतो. आणि हीच रेती पूर्ण भिजवली की पुन्हा खाली बसते. घमेल्यात न दाबता सैल भरा, वर पाणी ओता, पातळी किती उतरते ते बघा. त्यावरून फुगवटा कळतो.

नोंदवही

आर आणि गुंठा एकच, हे मीही इतके दिवस धरून चाललो होतो. खोडलं. कल्हईचं कोण बघतंय?

पाटावरवंटा (कोपरखैरणे)

मी बघते. कल्हई कथलाची. जस्त लागतं बादलीला नि पत्र्याला. जस्ताच्या बादलीत ताक किंवा लिंबाचं पाणी ठेवलं तर आंबट जस्त खातं, ते पोटात गेलं की मळमळ ठरलेली. म्हणून तुमचं ‘जस्त’ हे उत्तर नुसतं चूक नाही, कुणी मनावर घेतलं तर त्रासाचं आहे.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, कथील साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडं जास्त. तांब्यापितळेत ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवलं की ते कळकतं: हिरवट छटा, तोंडात धातूची चव. ते टाळायला आतून कथलाचा पातळ थर, एवढंच कल्हईचं काम. साधं पाणी प्यायच्या तांब्याच्या भांड्याला ती लागत नाही.

कृती अशी. भांडं चिंच आणि वाळूने, किंवा सौम्य तेजाबाने, आतून गुलाबी-पिवळं दिसेपर्यंत घासायचं. धुऊन वाळवायचं. कोळशाच्या भट्टीवर, भाता मारत, सांडशीत धरून फिरवत सगळीकडून सारखं तापवायचं. कथलाची कांडी आतून टेकवली की लगेच पाघळली पाहिजे. कथील २३२ अंशांना वितळतं. त्याच क्षणी नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर उसळतो, नाकात जातो, डोळे चुरचुरतात. तोच धूर खरा कारागीर. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, दुसरा वायू धातूवरचा ऑक्साइड खरवडून काढतो आणि उघड्या धातूला कथील धरतं. मग कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. काळपट भांडं बघता बघता चंदेरी होत जातं, जणू आतून आरसा पुसत आणला. लगेच गार पाण्यात बुडवायचं. चर्र आवाज, झालं.

बिघडतं कुठे? कथलाचे मणी होऊन ते भांडंभर घरंगळले, तर भांडं नीट घासलेलं नव्हतं किंवा नवसागर कमी पडला. पिवळसर डाग उठले तर ताप जास्त झाला. काळे ठिपके राहिले तर तिथे तेलकटपणा होता.

शिशाची भेसळ ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट, आणि ती ओळखायची खूण प्रश्नमंजूषेत प्रात्यक्षिक म्हणून दाखवता येईल. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवा. आतून करकर आवाज येतो, बारीक वाळूवर चप्पल घासल्यासारखा. शिसं मुकाट वाकतं. शिवाय शिसं कागदावर ओढलं की पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते.

रांजण

ताई, घरातल्या वापराबद्दल एक ओळ जोडतो. कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. २३२ अंश म्हणजे मोठ्या आचेवर मिनिटाचं काम. त्यात फोडणीही नको. तेल धुरावलं की कथील सुटायच्या बेतात येतं. पाणी असेपर्यंत चिंता नाही, तळ १०० च्या फार वर जात नाही. आणि तारेच्या घासणीने घासाल तर महिन्याभरात पुन्हा पितळ दिसेल.

पाटावरवंटा

बरोबर. काथ्या आणि राख बास.

शेवटची_लोकल

ते कथील वाकवायचं प्रात्यक्षिक नक्की ठेवा. माइक जवळ धरलात तर मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल.

तिथीवार (कळवा)

गणपतीतच कार्यक्रम आहे तर भरतीचा प्रश्न हवाच. खाडीकाठच्या घरांत एक हिशेब चालत आलाय: तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ. चतुर्थी, चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी, आठ पाऊण सहा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, मोजणी एक ते पंधरा. पहाटे आणि दुपारी दोन्हीकडे तीच वेळ धरायची, कारण भरती दिवसातून दोनदा येते, साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने. ओहोटी भरतीनंतर सव्वासहा तासांनी.

जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी पाठ करून घेत. त्यातली पाऊणकी इथे कामाला येते. सत्तरीच्या पुढचे स्पर्धक या प्रश्नावर बाजी मारतील, पैज लावतो.

मोजपट्टी

पण ही पाऊणकी शेवटाकडे तोकडी पडते. पंधरा तिथींत भरतीने घड्याळाची १२ तासांची फेरी पुरी करायला हवी. ७२० मिनिटं भागिले पंधरा म्हणजे रोज ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. रोज तीन मिनिटांचा घाटा, पौर्णिमेपर्यंत पाऊण तास साचतो. अनंत चतुर्दशीला पाऊणकीने साडेदहा येतात, ४८ मिनिटांनी ११ वाजून १२ मिनिटं.

तिथीवार

मान्य. म्हणूनच दशमीच्या पुढे अर्धा तास वाढवून सांगायची रीत आहे. तोंडी हिशेबाला ४८चा पाढा कोण म्हणत बसणार? आणि हे सगळं ठोकताळ्याचं काम. खाडीच्या तोंडाशी भरती आधी भरते, ठाण्याच्या टोकाला पाणी पोचायला अजून वेळ लागतो. विसर्जनाचं नियोजन महापालिकेने जाहीर केलेल्या भरतीच्या वेळा बघूनच करा. पाऊणकी प्रश्नमंजूषेपुरती.

उधाण आणि भांग हे दोन शब्दही घ्या. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात, भरती मोठी आणि ओहोटीही खोल, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही, तो भांग. इथे फसवा प्रश्न असा: सगळ्यात मोठी भरती पौर्णिमेलाच येते का? सहसा तिच्या एकदोन दिवस पुढे, प्रतिपदा-द्वितीयेला. चंद्र-सूर्याची ओढ आज, समुद्राचा पूर्ण प्रतिसाद थोडा मागाहून.

घोडबंदर_घाट

घाटावर मूर्ती केव्हा सोडायची, हेही यातच आलं. भरती पुरी होऊन पाणी परतीला लागलं की मूर्ती आत ओढली जाते. भर ओहोटीला गेलात तर समोर नुसता चिखल, गुडघ्यापर्यंत पाय रुततो. कृत्रिम तलावाला अर्थात यातलं काही लागू नाही.

पाटावरवंटा

गौरींचा प्रश्न राहिला. ‘गौरी-विसर्जन कोणत्या तिथीला?’ असा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. गौरी नक्षत्रावर चालतात: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. म्हणून एखाद्या वर्षी गौरींचे गणपती पाच दिवसांचे होतात, एखाद्या वर्षी सहा किंवा सात. ज्येष्ठा गौरी हे नाव त्या नक्षत्रावरूनच. ज्येष्ठ महिन्याशी त्यांचा संबंध नाही, हाही एक सापळा प्रश्न होतो.

नोंदवही

हा तर पहिल्या फेरीतच घेतो. यंदा अधिक महिना होता, त्यावर काही?

तिथीवार

अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून २०२६, शके १९४८. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५चं, दरवर्षी अकरा दिवसांची तूट. ती साचून बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना होतो. ओळखायची खूण: ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत (एका राशीतून दुसरीत जाणं) येत नाही तो अधिक. उलट एकाच महिन्यात दोन संक्रांती आल्या तर क्षयमास, तो फार क्वचित. मागचा शके १९०४ मध्ये, म्हणजे १९८२-८३ साली.

‘दर तीन वर्षांनी अधिक महिना’ हे उत्तर देऊ नका. २०२३च्या श्रावणानंतर २०२६चा ज्येष्ठ, हे अंतर तीन वर्षांहून कमी आहे.

रांजण

शेराबद्दल मूळ पोस्टीत उल्लेख होता, ते सोडवून टाकू.

वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून शेर ९३३ ग्रॅम. चाळीस शेरांचा मण, ३७.३२ किलो. हा बंगाली मण. मुंबई इलाख्यात जुना मण २८ पौंडांचा होता, साधारण १२.७ किलो. एकच शब्द, तिपटीचा फरक. तेव्हा नुसतं ‘मण म्हणजे किती’ असं कधीच विचारू नका.

मापाचा शेर वेगळाच, तो आकारमानाचा. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अधोली, दोन अधोल्या एक पायली. त्याच पायलीत भात भरला तर वजन कमी, तांदूळ भरला तर जास्त, कारण भाताचं तूस जागा खातं. माप भरून घेताना शीग लावायची की सपाट करायचं, हे आधी ठरवावं लागायचं. शीग म्हणजे काठाच्या वर उभा राहिलेला धान्याचा शंकू.

मोजपट्टी

तोळ्यातही दोन उत्तरं निघतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅम, बारा माशांचा, मासा आठ गुंजांचा. म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा, गुंज ०.१२ ग्रॅम. आज सराफाकडे तोळा म्हटलं की १० ग्रॅम. आजीच्या काळचा पाच तोळ्यांचा दागिना आजच्या तोळ्यात ५.८३ भरतो, तो ‘वाढला’ म्हणून खूश होऊ नका.

गुंजा प्रत्यक्ष दाखवणार असाल तर काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. लाल दाण्यावर काळा ठिपका, मुलांना खेळायला मोहात पाडणारा. आत अॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. अख्खा दाणा कडक कवचामुळे बहुधा तसाच बाहेर पडतो, चावला गेला तर जिवावर बेततं.

शेवटची_लोकल

पैशांत: १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाला १९२ पै. चवली दोन आण्यांची, पावली चार, अधेली आठ. पेच असा की आणा बसतो सव्वासहा नव्या पैशांना. सरकारी कोष्टकात एक आण्याला ६, दोनला १२, तीनला १९ आणि चारला २५ धरले. सुट्ट्या आण्यांत पाव पैसा बुडायचा, एकदम तीन दिले तर पाव पैसा मिळायचा.

नोंदवही

वा! सुरक्षिततेवर एखादा प्रश्न द्या, फेरी पुरी होईल.

रांजण

सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर ‘ए-२७’, ‘सी-२८’ असं लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी-मार्च, बी एप्रिल-जून, सी जुलै-सप्टेंबर, डी ऑक्टोबर-डिसेंबर, पुढे साल. ती गॅसची मुदत नव्हे, गॅस शिळा होत नाही. त्या तिमाहीत टाकीची दाबचाचणी करायची असते. ती तारीख उलटलेली टाकी दारात आली तर परत पाठवा. रिकाम्या टाकीचं वजन तिथेच कोरलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा आणि काट्यावर ताडून बघा.

गॅस किती उरलाय? ओलं फडकं टाकीवरून एकदा उभं फिरवा. वरचा भाग आधी वाळतो, खाली जिथवर द्रवरूप गॅस आहे तिथे ओल रेंगाळते. ती सीमारेषा हीच पातळी.

आता ठाण्या-नवी मुंबईसाठी खास, आणि हा प्रश्न प्रत्येक गटाला विचाराच: गॅस गळला तर तो खाली साचतो की वर? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, ओट्याखालच्या कपाटात साठतो. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, छताशी जमतो. दोन्हीत बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, ठिणगी दोन्हीकडे उडते. आधी गॅसची चावी बंद, मग खिडक्या-दारं उघडी. तक्रारीचा क्रमांक सिलिंडरसाठी १९०६. पाइपवाल्यांनी बिलावरचा क्रमांक फ्रीजला चिकटवून ठेवावा.

घोडबंदर_घाट

इतिहासाचा एक, पटकन. ‘ठाण्याचा किल्ला कुठे आहे?’ रोज त्याच्या भिंतीवरून बस जाते आणि लोक किल्ला शोधत फिरतात. मध्यवर्ती कारागृह म्हणजेच तो किल्ला. पोर्तुगीज बांधत असतानाच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे सप्टेंबर १८१६ मध्ये इथूनच निसटले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी झाली.

नोंदवही

बास, दोन फेऱ्यांचा माल झाला. बरोबरी झाली तर निकाली प्रश्न कोणता ठेवू? कागद-पेन न देता.

तिथीवार

‘सप्तमीला पाऊणकीने भरती किती वाजता?’

शेवटची_लोकल

पाच पंधरा.

तिथीवार

सव्वापाच म्हणा. नाहीतर अर्धा गुण कापला.